सुटकेची किंमत कोणी भरली? महार वतन आणि जगाचा इतिहास

जातीचा प्रश्न जगाच्या इतिहासाशेजारी ठेवला की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले असे की जात ही भारताची अंतर्गत बाब आहे, तिची तुलना कशाशीच होत नाही. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा भारत सरकारने हीच भूमिका घेतली आणि जातीचा विषय तिथे येऊ नये म्हणून जोर लावला. दुसरे उत्तर नेमके उलटे. गुलामी काय, भेदभाव काय, सगळ्याच देशांत होता, मग आमच्याच धर्माला बोल का लावता? एकाने तुलनेचे दार बंद केले, दुसऱ्याने ते इतके सताड उघडले की आतले काही वेगळे दिसेनासेच झाले. दोन्ही उत्तरांचा फायदा मात्र एकाच घराला होतो.

तुलना आपल्या चळवळीला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण करून. पुण्यात बसून त्यांना अमेरिकेचे यादवी युद्ध आपल्या कामाचे वाटले. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागत आहेत हे त्यांनी वाचले होते आणि त्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. ही केवळ सहानुभूतीची देवाणघेवाण नव्हती. दुसऱ्याने आपला दावा कसा मांडला, कोणत्या दारात मांडला, हे शिकून घेण्याची ती धडपड होती.

पण तुलना करायची तर हातात एक नेमका प्रश्न हवा. ‘तेही पीडित, आम्हीही पीडित’ एवढ्यावर थांबलो तर भाषण होते, इतिहास होत नाही. म्हणून आम्ही या लेखात एकच प्रश्न घेऊन चार देश फिरून येणार आहोत आणि मग महाराष्ट्राच्या गावात परतणार आहोत. प्रश्न असा: ज्या दिवशी कायद्याने माणूस मोकळा झाला, त्या दिवशी पैसे कोणाच्या हातात पडले आणि ते कोणाच्या खिशातून गेले?

मालकांना भरपाई, गुलामांना उमेदवारी

ब्रिटिश संसदेने १८३३ साली आपल्या वसाहतींतली गुलामी संपवण्याचा कायदा केला. १ ऑगस्ट १८३४ पासून तो लागू झाला. सुमारे आठ लाख माणसे कागदावर मोकळी झाली. या कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद होती, दोन कोटी पौंडांची. ब्रिटिश सरकारच्या त्या काळच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के इतकी ही रक्कम होती. ती मिळाली मालकांना. गुलाम ही त्यांची मालमत्ता होती आणि मालमत्ता काढून घेतली तर भरपाई द्यायला हवी, हा त्यामागचा हिशेब. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या उसाच्या मळ्यांत झिजल्या त्यांना एक पैही मिळाली नाही. उलट बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे आणखी काही वर्षे बिनपगारी राबावे लागले. ही उमेदवारी १८३८ मध्ये संपली. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश तिजोरीने फेडला तो २०१५ साली.

या गोष्टीचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत येतो. गुलाम मोकळे झाल्यावर मॉरिशसच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. ते करारावर हिंदुस्थानातून नेले गेले आणि त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे तो त्यांचा वंश. मालकाला एका हाताने भरपाई मिळाली आणि दुसऱ्या हाताने नवा स्वस्त मजूर.

स्वतःला सोडवण्याचे हप्ते

रशियात १८६१ साली झारने भूदासांना मुक्त केले. जमीनदारांच्या ताब्यातले दोन कोटींहून अधिक शेतकरी. इथे जमीन मिळाली, पण विकत. सरकारने जमीनदारांना रोख्यांच्या रूपात रक्कम आधीच देऊन टाकली आणि ती शेतकऱ्यांकडून व्याजासह ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायचे ठरवले. जी जमीन बापजाद्यांनी कसली तीच नातवंडांनी विकत घ्यायची. अनेक ठिकाणी आधी कसत होते त्यातलाही चांगला तुकडा जमीनदाराने कापून स्वतःकडे ठेवला. थकबाकी वाढत गेली, गावे पेटली आणि १९०५ च्या क्रांतीच्या धक्क्याने सरकारला उरलेले हप्ते माफ करावे लागले.

अमेरिकेत जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने एक लष्करी हुकूम काढला. दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवरची पळून गेलेल्या मळेवाल्यांची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत द्यायची. काही महिन्यांत सुमारे ४० हजार माणसे सुमारे चार लाख एकरांवर वसली, त्यांनी पेरणीही केली. त्याच वर्षी लिंकनच्या खुनानंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन या अध्यक्षाने बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन जमिनी परत केल्या. वसलेली कुटुंबे उठवली गेली. डिसेंबरमध्ये तेरावी घटनादुरुस्ती संमत होऊन गुलामी देशभर संपली, तोवर जमीन हातची गेली होती. पुढे तीच माणसे त्याच मळ्यांवर बटाईने राबू लागली. बियाणे मालकाचे, उधारीची वही मालकाची आणि हंगामअखेर बाकी नेहमी मजुराच्याच नावावर.

मेलेले जनावर कोणाचे?

चौथा देश जपान, आणि आपल्याला सर्वांत जवळचा. तिथे चामड्याचे काम, मेलेली जनावरे उचलणे, फाशी देण्याच्या जागेवरची कामे ज्यांच्याकडे होती त्या लोकांना ‘एता’ आणि ‘हिनिन’ म्हणत. वस्ती वेगळी, विवाह वेगळे, स्पर्श अपवित्र. रंग एक, भाषा एक, वंश एक, तरीही अस्पृश्य. ‘वंश वेगळा म्हणून भेद’ या सिद्धांताला जपान हे जिवंत उत्तर आहे.

१८७१ साली मेइजी सरकारने हे दर्जे रद्द केले. त्याच वर्षी काही महिने आधी मेलेल्या जनावराची विल्हेवाट त्याच्या मालकाने हवी तशी लावावी असाही हुकूम निघाला होता. म्हणजे काय झाले? अपमानाबरोबर जी कमाई बांधलेली होती ती गेली, चामड्याचा धंदा भांडवलवाल्यांकडे वळला, जमिनीच्या करातली जुनी सूट गेली. अपमान मात्र राहिला. लोक त्यांना ‘नवे सामान्यजन’ म्हणू लागले आणि त्या ‘नवे’ या शब्दातच जुनी शिवी होती. १८७३ मध्ये मिमासाका भागात शेतकऱ्यांच्या जमावाने त्यांच्या वस्त्या जाळल्या, माणसे मारली. ‘हे आता आपल्या बरोबरीने वागतात’ हा राग.

आता शेजारी दुसरी नोंद ठेवा. याच मेइजी सरकारने सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद केले. १८७६ साली त्या बदल्यात त्यांना सरकारी रोखे दिले. वरच्याचा वंशपरंपरागत हक्क काढून घेतला तर भरपाई, खालच्याचा काढून घेतला तर कोरडे अभिनंदन. सरकार एक, दशक एक, वही एक.

१९२२ साली क्योतो शहरात या समाजाने ‘सुइहेइशा’ म्हणजे समतेची संघटना उभी केली. पाच वर्षांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एकाने दुसऱ्याकडून उसने घेतले असे मुळीच नाही. दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट कळली होती: वरून आलेल्या हुकुमाने माणुसकी मिळत नाही, ती संघटित होऊन घ्यावी लागते.

आता आपले गाव

या चार नोंदी हातात घेऊन महार वतनाकडे पाहू. वतन या शब्दाला आपल्याकडे मानाचा वास आहे. देशमुखी वतन, पाटीलकी वतन, कुलकर्णी वतन, आणि त्याच रांगेत शेवटी महार वतन. आपल्यातलेही काही जुने लोक ‘आम्ही वतनदार’ असे अभिमानाने सांगत. बाबासाहेबांनी या अभिमानालाच हात घातला.

वतनाचे काम काय होते? गावची हद्द दाखवायची, सारा घेऊन तालुक्याला जायचे, टपाल पोचवायचे, आलेल्या अंमलदाराच्या मुक्कामाची तयारी करायची, रात्री गस्त घालायची, सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची. कामाला वेळ नाही, काळ नाही. वतनदार आजारी असला किंवा परगावी गेला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने ही व्यवस्था कायद्याच्या चौकटीत बसवली. मोबदला म्हणून हाडकी-हाडवळ्याची थोडी जमीन, जिचे वाटे पिढीगणिक बारीक होत गेले, आणि रयतेकडून मिळणारे बलुते.

यातली मेख ध्यानात घ्या. काम सरकारचे आणि पगार रयतेने द्यायचा. म्हणजे सरकारी काम चोख केले तरी गावाचा राग झाला की बलुते बंद. महाराने नवी धोतरजोडी नेसली, पोराला शाळेत घातले, मेलेले ढोर ओढायला नकार दिला की खळ्यावरचे धान्य थांबले. बहिष्काराचे हत्यार या पगारपद्धतीतच ठेवलेले होते.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्याचा गाभा साधा होता. ज्या वतनदारांना नोकरीतून मोकळे व्हायचे आहे त्यांना होऊ द्या. त्यांची जमीन त्यांच्याकडेच राहू द्या, ते इतर रयतेसारखा पूर्ण सारा भरतील. बलुत्याचे रूपांतर रोख करात करा आणि त्या पैशातून काम करणाऱ्याला ठरलेला पगार द्या. दानाची भाषा यात कुठेच नाही. जमीन ही आधीच केलेल्या कामाची मजुरी आहे, ती पुन्हा विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही, हे त्यात गृहीत आहे. सरकारी बाकांवरून विरोध झाला, विधेयकाची मोडतोड होऊ लागली आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. पुढे सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढवली तेव्हा १९४१ मध्ये सिन्नरच्या परिषदेत त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

स्वातंत्र्य आले. १९५८ साली मुंबई राज्याने कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा कायदा केला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला दोन वर्षे होऊन गेली होती. वेठ कायद्याने संपली, हे मोठेच पाऊल होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण जमिनीचे काय झाले ते वाचा. वतन रद्द होताच जमीन सरकारजमा. मग वतनदाराने शेतसाऱ्याच्या काही पटीत कब्जेहक्काची किंमत भरायची आणि आपलीच जमीन सरकारकडून पुन्हा आपल्या नावे करून घ्यायची. गावाकडे याला आजही ‘रिग्रँट’ म्हणतात. ठरलेल्या मुदतीत किंमत भरली नाही तर पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस बेकायदा कब्जेदार. भरली तरी ती जमीन नव्या शर्तीची, म्हणजे भोगवटादार वर्ग-२. विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि वर नजराणा.

१९२८ च्या विधेयकातली मागणी आणि १९५८ चा कायदा यांतला फरक तो हाच. आणि हे वाचताना १८६१ चा रशिया आठवला नाही तर आपण तुलना शिकलोच नाही.

कोणी म्हणेल, कब्जेहक्काची किंमत वरच्या वतनदारांनाही भरावी लागली. खरे आहे. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली तेव्हा तिथेही ही अट होती. महाराला भरावा लागणारा आकडाही कागदावर लहान दिसतो. पण कुलकर्ण्याकडे लेखणी होती, दप्तर होते, कचेरीतला कारकून ओळखीचा होता आणि वतन गेल्यावर शहरात नोकरी होती. ज्याचे बलुते बंद झालेले, ज्याला नोटीस वाचता येत नाही, ज्याच्या हिश्शाला एका सर्व्हे नंबरात पंचवीस भाऊबंद आहेत, त्याच्यासाठी तोच आकडा डोंगर होता. समान अट असमान माणसांना लावली की ती समान राहत नाही. आणि पुढचीही नोंद वहीतच आहे. संस्थाने विलीन झाली तेव्हा राजेमहाराजांना तनखे मिळाले. संविधानाच्या अनुच्छेद २९१ ने त्यांना हमी दिली आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत ते चालू राहिले. देशभर जमीनदारी गेली तेव्हा जमीनदारांना भरपाई मिळाली. राजाचा वंशपरंपरागत हक्क सोडवायला तिजोरी उघडली, महाराची वंशपरंपरागत वेठ सोडवायला महाराच्याच खिशात हात घातला. सामुराई आणि एता यांची गोष्ट आपल्याकडे अशी घडली.

जिथे तुलना थांबते

इतके साम्य दाखवल्यावर फरकही तितक्याच ठामपणे सांगितला पाहिजे, नाहीतर आपण ‘सगळीकडे सारखेच’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसू.

गुलामाला एक मालक होता. महाराला मालक नव्हता, गाव होते. बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना हेच दाखवले: गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने तो जगावा यात मालकाचा स्वार्थ तरी होता, अस्पृश्य मेला तरी कोणाचेच नुकसान नव्हते. मालक नसलेल्या गुलामाला मुक्त कोणी करायचे? सही कोणाची घ्यायची? म्हणून वतन संपले तरी पाणवठा संपत नाही, स्मशान वेगळेच राहते. त्याची मुळे कायद्याच्या कलमात नव्हती, शास्त्रात होती. १९२८ चे विधेयक आणि १९५६ चे धम्मचक्र प्रवर्तन ही एकाच लढ्याची दोन टोके आहेत ती यासाठी. पोटाची बेडी कायद्याने तोडायची होती, मनाची बेडी धम्माने.

मेलेल्या जनावराचाही फरक पाहा. जपानमध्ये ते काम सरकारी हुकमाने हातातून गेले. आपल्याकडे महाडनंतर ते आपल्या लोकांनी स्वतः टाकले, बहिष्कार सोसून टाकले. ‘हाडे, शिंगे, चामडे यांचे उत्पन्न बुडेल’ असे सांगणारे हितचिंतक तेव्हा भरपूर होते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातल्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांची आठवण काढून खरपूस समाचार घेतला. उत्पन्नापेक्षा इज्जत मोठी, हा निर्णय खालून झाला होता. कमाई दोन्हीकडे गेली. आपल्याकडे ती सोडताना माणूस ताठ झाला.

काम अजून बाकी आहे

जमिनीचा प्रश्न १९५८ ला मिटला नाही हे त्या पिढीला कळत होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. आज महार वतनाच्या जमिनी शहरांच्या हद्दीत आल्या आहेत, त्यांवर इमारती उभ्या राहत आहेत आणि मूळ वतनदारांचे वारस तलाठी कार्यालय ते प्रांत कचेरी अशा चकरा मारत आहेत. आम्ही सामाजिक कामात अशी अनेक कुटुंबे पाहतो. त्यांच्याकडे अभिमान आहे, कागद नाहीत.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे. जगाचा इतिहास वाचाच, पण सुरुवात आपल्या गावाच्या दप्तरापासून करा. जुना सातबारा, फेरफाराच्या नोंदी, वतनाचे कागद मिळवा. १९५८ नंतर किती जमीन रिग्रँट झाली, किती सरकारजमा राहिली, किती कोणत्या आडनावाकडे गेली, हे लिहून काढा. ऐंशी-नव्वदीतल्या आजी-आजोबांना विचारा की बलुते कोणत्या साली बंद झाले आणि का.

हे करताना महाराष्ट्र एकसारखा धरू नका. देशावर वतनाचा प्रश्न मोठा होता. कोकणात खोती होती, जिच्या विरोधात बाबासाहेबांनी १९३७ मध्ये विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथले कायदे वेगळे. नागपूरकडे विणकाम करणारा महार होता, १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांतला कामगार होता. गिरणीचा पगार गावाच्या हातात नसतो. तिथल्या चळवळीचा वेगळा बाज समजून घ्यायचा तर हे ध्यानात ठेवले पाहिजे. चार विभागांची चार टिपणे शेजारी शेजारी ठेवली तरच क्योतो, जॉर्जिया आणि सिन्नर एका वाक्यात आणण्याचा आपल्याला अधिकार मिळेल.

फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी जगाकडे पाहिले ते आपला दावा पक्का करण्यासाठी. तो दावा आज असा मांडता येतो: जगात जिथे जिथे वंशपरंपरागत हक्क संपले तिथे वरच्यांना भरपाई मिळाली आणि खालच्यांना बिल मिळाले. आपल्या गावातले ते बिल किती होते, कोणी भरले आणि कोणाची जमीन त्यात गेली, हा आकडा आपणच काढायचा आहे. दुसरे कोणी काढणार नाही.

जयभीम.